मामाजी, तुमची मोठ्या चाकांची जीप

मामाजी, परवा तुमच्या तेरवीला आलेला एक पाव्हणा जेवण झाल्यावर अंगणात जीपभोवती फिरला आणि हसला. "हे कायचं जनावर आहे जी?" त्यानं मला विचारलं. "धड शेळीचं न् पाय म्हशीचे!" मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती जीप नव्या एक्सलवर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा आपण दोघंही असेच हसलो होतो. शांता गेल्यानंतर तुम्हाला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता तुम्ही तोंड फिरवलंत आणि हातातलं फडकं डोळ्यांना लावलंत. फडकं ग्रीसचं होतं. दिवसभर डोळ्यांखाली काळा पट्टा घेऊन हिंडलात आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुमची एकुलती एक मुलगी शांता माझी बायको होती. ती गेल्यावर आपण एकमेकांचे कोण, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मुलगी नाही तर जावई कसला? नातू असता तर नातं टिकलं असतं. तोही आईबरोबरच गेला. तिच्या तेरवीनंतर मी पिशवी उचलून हिंगणघाटला निघालो, तेव्हा तुम्ही वेशीपर्यंत आलात, "येजा" म्हणालात. माणूस सवयीनं म्हणतो तसं. मीही मान हलवली. आता पुन्हा या गावात यायचं काही कारण उरलेलं नाही, हे आपल्या दोघांनाही कळत होतं.

त्या दिवसाबद्दल आपण फार कमी बोललो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून शांता तुमच्याकडे होती. सासूबाई नव्हत्या, पण तुमची बहीण होती आणि सुईण गावातलीच होती. मी कापसाच्या प्रेसमधून रजा काढून आलो होतो. भादव्यातल्या पावसाची झड लागून राहिलेली. रात्रभर कळा देऊनही काही होईना, तेव्हा सकाळी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "हे माह्या हातचं नाई. वर्ध्याले न्या." बैलगाडीनं नेली असती तर दुसरा दिवस उजाडला असता. तुमच्याकडे जीप होती. लढाई संपल्यावर सैन्याच्या डिस्पोजलच्या लिलावात घेतलेली, जंगलाच्या ठेक्यावर लाकूड पाहायला वापरायचात ती. मागं गादी टाकली, तिच्यावर शांताला निजवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डाव्या बाजूचं स्टेअरिंग धरून तुम्ही निघालात.

आपली काळी माती तुम्हाला काय सांगायची. गावापुढच्या नाल्यात पाणी फार नव्हतं, चिखल होता. जीपची चाकं लहान. ती रुतत गेली, आणि चाकं जोडणाऱ्या एक्सलच्या मधला दात्यांचा गोळा चिखलावर टेकला. मग चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. तुम्ही फावडं घेऊन उतरलात. एक चाक मोकळं करावं तर दुसरं खाली जाई. शेवटी शेतातलं कुणीतरी धावत गावात गेलं, बैल आणले, दोर लावले. जाम गावच्या पक्क्या सडकेला लागलो तेव्हा दुपार कलली होती. दवाखान्यात पोचलो, त्यानंतर शांता काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आपण तिला परत आणलं. त्याच रस्त्यानं, त्याच नाल्यातून. तेव्हा चिखल थोडा वाळला होता आणि गाडी फसली नाही. तुम्ही स्टेअरिंगवर डोकं टेकवून किती वेळ थांबला होतात ते मला आठवतं.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेसचा हंगाम संपत आला होता. मी कामावरून बाहेर पडतो तर फाटकासमोर तुमची जीप. तुम्ही बारीक झाला होतात. कसं काय, बरं आहे का, असलं काही न विचारता म्हणालात, "जवाईबापू, या गाडीले मोठे टायर बसवाचे आहेत."

"आता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता," तुम्ही म्हणालात.

मी प्रेसमध्ये फिटर. पावसाळाभर मला काम नसतं हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, असं मी तेव्हा मनाला समजावलं. टायर बसवायला हिंगणघाटात चार माणसं होती. पण तुम्हाला त्यांच्याकडे जायचं नव्हतं.

मी तुम्हाला परोपरीनं सांगितलं की नुसतं चाक मोठं करून भागत नाही. गाडी उंच होईल, गोळा चिखलाला टेकणार नाही, हे खरं. पण ते मोठं, जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर करावा लागतो. चाक चिखलात अडलं की सगळा जोर एक्सलच्या आतल्या त्या दोन बोटं जाड दांड्यावर येतो. तो दांडा लहान चाकाच्या हिशेबानं केलेला आहे.

"तुटन तं पाहू," तुम्ही म्हणालात.

तुटला. मृगातच तुटला. सोबत कुणी आजारी नव्हतं हे नशीब, आपण दोघंच नुसतं पाहायला निघालो होतो. मधोमध आल्यावर ऊस मोडावा तसा कडक आवाज झाला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी हलेना. "म्हटलं नव्हतं का," असं मी म्हणेन म्हणून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी उतरून गाडीखाली वाकलो. मग तुम्हीच म्हणालात, "मंग एक्सलच बदलू ना. मोठ्या गाडीचे लावू."

इतकं साधं करून सांगितलंत तुम्ही! जसं काही धोतर बदलायचं आहे.

तो पावसाळा वाया गेला. पुढल्या उन्हाळ्यात आपण कामठीला गेलो. तिथल्या भंगारात सैन्याच्या मोडक्या गाड्या उन्हात तापत पडल्या होत्या. त्यांतली एक पाऊणटनी गाडी तुम्ही निवडलीत. इंजिन नव्हतं, टप नव्हता, उंदरांनी गादी खाल्लेली. पण खालचे दोन्ही एक्सल शाबूत होते. मी झाकण उघडून आतले दाते पाहिले, बोट फिरवलं, गाळाचं तेल काढून वास घेतला. ते आपल्या जीपपेक्षा जाड होतेच, शिवाय दात्यांचा हिशेबही निराळा होता. चाक हळू फिरेल पण ओढ जास्त मिळेल, मोठ्या टायरला हवी तशी. मी मान डोलावली. तुम्ही त्या गंजक्या लोखंडावर असा हात फिरवलात जसा बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवतात.

एक्सल ट्रकनं जामपर्यंत आले आणि जामहून तुमच्या गावी बैलगाडीतून. वाटेत लोक विचारत, "पाटील, हे काय नेऊन राह्यले?" तुम्ही म्हणत होतात, "पाय."

मग अंगणातल्या निंबाखाली आपलं काम चालू झालं. एक्सल जीपपेक्षा रुंद निघाले, चाकं दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आली. जीपचे कमानी पाटे ज्या बैठकीवर बसतात ती बैठकच जागेवर जुळेना. ती कापायची, आत सरकवायची आणि पुन्हा जोडून आणायची. इंजिनाकडून मागं येणारा शाफ्ट लांब पडला, पुढचा तिरका लागला. दोनदा बसवलं, दोनदा काढलं. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की राहू द्या. सकाळी माझ्या आधी उठून चहा ठेवायचात, दुपारी तुमची बहीण भाकरी घेऊन यायची, आणि आपण दोघं गाडीखाली पाठीवर पडून एकाच बोल्टाकडे पाहत असायचो.

तिथंच आपलं भांडण झालं. तुम्ही पाना धरून होतात, मी नट फिरवत होतो. तुम्ही म्हणालात, "हेच दोन वर्साआंधी केलं असतं तं पोरगी आज असती."

मी म्हणालो, "नाही मामाजी."

शांता गेली त्या सकाळी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला तिथल्या पडवीत बोलावून सांगितलं होतं की आतला रक्तस्राव घरीच सुरू झाला होता. अगदी सकाळी आणलं असतं तरी वाचली असती असं त्या म्हणू शकत नव्हत्या. हे मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगत होतो. वाटलं होतं, तुमच्या छातीवरचा दगड थोडा उतरेल.

तुम्ही पाना खाली ठेवलात. "डाक्टरीन दुसरं काय सांगन? मेलेल्याच्या घरच्याले ते असंच सांगत असतेत."

"मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं."

"चिखलानं नेली माही पोरगी. म्या माह्या डोयानं पाह्यलं." तुमचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "न् तुमाले डाक्टरीनीचं खरं वाटते, तं हे काऊन करून राह्यले तुमी माह्यासोबत?"

मी नट फिरवत राहिलो. तुम्ही गाडीखालून निघून गेलात आणि पुढचे काही दिवस मला फक्त "जेवा" आणि "झोपा" एवढंच बोललात. मामाजी, उत्तर माझ्याकडे होतं, फक्त त्याला शब्द नव्हते. हिंगणघाटच्या खोलीत शांताची आठवण काढायला मला कुणी नव्हतं. प्रेसमधले लोक मी समोर आलो की विषय बदलत. तुमच्या अंगणात मात्र तिचं नाव न घेता दिवसभर तिच्याबद्दलच बोलणं चालायचं. हा बोल्ट घट्ट आहे का, ही कमान तुटणार नाही ना, एवढ्या वजनाला ब्रेक पुरेल ना, ते सगळं तिच्याबद्दलच होतं. म्हणून मी येत होतो. गाडीसाठी नाही.

गाडी तयार झाली आणि आपण पावसाची वाट पाहिली. शेतकरी पाहतात तशी नाही. आपल्याला चिखल हवा होता. चार दिवस झड लागली, नाला तसाच झाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमी उतरा. अलीकडंच थांबा." मी काठावर उभा राहिलो. तुम्ही गाडी खाली घातलीत. मोठी चाकं चिखलात शिरली, चिखल बाजूला फेकत, न थांबता पलीकडे निघाली. मला ओरडावंसं वाटलं. पण तुम्ही थांबला नाहीत. पलीकडे गाडी वळवलीत आणि परत आलात. मला वाटलं, आता उतराल. तुम्ही पुन्हा वळवलीत. पुन्हा गेलात. पुन्हा आलात. पाऊस पडत होता, नाल्यातल्या चाकोऱ्या खोल होत होत्या आणि तुम्ही त्याच जागेवरून पुन:पुन्हा जात होतात. मी हाका मारल्या, मग सोडून दिलं. मग केव्हातरी गाडी माझ्याजवळ येऊन थांबली. तुम्ही समोर पाहत म्हणालात, "जाते ना. जाते."

तेवढंच. दुसऱ्यांदा म्हणालात तेव्हा आवाज फुटला.

त्यानंतरचे पावसाळे मी तुमच्या बहिणीकडून ऐकले, गावकऱ्यांकडून ऐकले. आसपासच्या खेड्यांतून कुणीही येई आणि तुम्ही निघत. जड स्टेअरिंगनं तुमचे खांदे दुखत, रात्री त्यांना तेल चोळायला लागे, पण तुम्ही दुसऱ्याच्या हातात गाडी दिली नाहीत. माणसाला दवाखान्याच्या दारात उतरवून देत होतात. स्वतः कधी पायरी चढला नाहीत. मध्यंतरी आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, गावात सभा झाली. तुम्ही म्हणालात, "नागपूरचे होतो ते मुंबईचे झालो. नाला तं तिथंच आहे." लोक हसले. तुम्ही हसला नव्हतात.

आणि मग ती गोंडाची अडलेली सून. गिरडच्या टेकडीखालच्या पाड्यावरची. तिला घेऊन तुम्ही सकाळी निघालात आणि दुपारच्या आत दवाखान्यात होतात. तिथून तुम्ही घरी गेला नाहीत. हिंगणघाटला माझ्याकडे आलात, प्रेसच्या आवारात. गाडीला नाल्याचा चिखल लागलेला होता. मी तुम्हाला खोलीवर नेलं. तुम्ही खाटेवर बसलात आणि म्हणालात, "कुठंच फसली नाई गाडी, जवाईबापू. कुठंच नाई. एकदाबी थांबलो नाई. तरी गेली ते पोरगी."

मी चहा ठेवला. तुम्ही कप हातात घेऊन बसून राहिलात. मग म्हणालात, "तुमची ते डाक्टरीन…" आणि थांबलात. मामाजी, त्या वाक्याचा पुढचा भाग काय होता हे मला आजही माहीत नाही. ती खरं बोलली होती, असं म्हणणार होतात? की तिलाही आज ही पोरगी वाचवता आली नाही, असं काही? तुम्ही चहा संपवलात, कप खाली ठेवलात, "चालतो, तिच्या नवऱ्याले घरी न्याचं आहे," म्हणालात आणि गेलात. मला वाटलं होतं की आता तुम्ही गाडी बंद कराल. दुसऱ्याच आठवड्यात कळलं, तुम्ही पुन्हा कुणाला तरी घेऊन गेला होतात. सगळं चिखलामुळे होत नाही, हे कळल्यावरही तुम्ही चिखलातून जात राहिलात. मला तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटतो, तर त्या दुसऱ्या आठवड्याचा.

लग्नाचा विषयही तुम्हीच काढलात. मी नको म्हणत होतो. तुम्ही ऐकलं नाहीत. कुसुमला पाहायला आपण त्याच जीपमधून आर्वीकडे गेलो. तिच्या वडिलांनी तुम्हाला विचारलं, "पोराचे तुमी कोन?" मी खाली पाहिलं. आता काय सांगणार होतात? आधीच्या बायकोचा बाप? "बाप," तुम्ही म्हणालात आणि सुपारी उचललीत. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला तो शब्द ऐकायची सवय नव्हती. परत येताना तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "शांतीले राग नाई येनार. म्या तिले वळखतो." लग्नानंतर कुसुम तुम्हाला मामाजीच म्हणू लागली. आपल्याकडे सून सासऱ्याला म्हणते तसं. ती माझ्या नात्यानं म्हणते की तिच्या, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, तिनंही सांगितलं नाही. तेरवीच्या दिवशी ती चुलीपाशी बसून रडत होती तेव्हा बायका तिला विचारत होत्या, "तू त्याची कोन?" ती नुसती मान हलवत होती.

तुमचा पुतण्या नामदेव सायकलवर सांगायला आला तेव्हा प्रेसचा ऐन हंगाम होता. जेवून तुम्ही अंगणात उन्हात खाट टाकून पडलात आणि घरचे चहाला उठवायला गेले तर उठला नाहीत. थंडीचे दिवस होते, रस्ता ठणठणीत कोरडा. कुठलीही गाडी कुठल्याही रस्त्यानं तुम्हाला नेऊ शकली असती, पण नेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. घाटावर नामदेवनं मडकं घेतलं, आणि अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा तो मागं सरला. "जवाईबापू, तुमीच द्या," म्हणाला. मी दिला.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नाही. आधी त्या धावपळीत राहून गेली. नंतर सांगावीशी वाटेना, कारण शांताची ती शेवटची गोष्ट होती आणि ती फक्त माझ्याकडे होती. तुमच्यापाशी तिचं सगळं बालपण होतं. माझ्यापाशी दोन वर्षं आणि हे एवढं.

त्या दिवशी गाडी रुतली आणि तुम्ही पुढच्या चाकापाशी फावडं मारत होतात. छातीपर्यंत चिखलानं माखलेले, पागोटं पडलेलं. शांतानं माझ्या मांडीवरून मान थोडी उचलली आणि समोरच्या काचेतून तुमच्याकडे पाहिलं. एवढ्या वेदनेत ती हसली, मामाजी. म्हणाली, "बाबा पाहा कसा दिसून राह्यला." मग डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा उघडून म्हणाली, "त्याले जाऊन सांगा ना. मले काई एवढी घाई नाई. जरासा दम खाय म्हना." मी उतरलो, चिखलातून तुमच्याकडे यायला लागलो. तेवढ्यात बैल आले, दोर फेकले, आरडाओरड झाली, तुम्ही माझ्या हातात दोर दिलात आणि ते राहिलं.

तर सांगतो. शांतानं निरोप दिला होता, मामाजी. दम खा म्हणाली.